नखभर फट

महायुद्ध चालू होतं तेव्हाची गोष्ट. पहाटे वडील गेले आणि मी नगरात चर्चमागच्या एका म्हाताऱ्या सुताराकडे शवपेटी करून घ्यायला गेलो. त्यानं माप विचारलं, फळ्या कापल्या, खिळे ठोकले. एका कोपऱ्यात नखभर फट राहिली. त्याचा हात सवयीनं रंध्याकडे गेला, थबकला, आणि त्यानं तो हात मांडीखाली दाबून धरला.

मला राग आला. "फट दिसतेय," मी म्हणालो.

"व्हय. काळं कापड लावलं की झाकंल." मग खाली बघत म्हणाला, "माझ्या पोरीची पेटी मी दिसभर घासत हुतो. एक सांधा मनासारखा बसंना. घरनं बोलावणं येत हुतं. पेटी घिऊन पोचलो, तवर तिला कापडात बांधून टाकलेली. पटकीची साथ हुती. तोंड बघायचं राहिलं. पेटी मातर लई साफ झाल्ती."

मी त्या फटीवरून बोट फिरवलं.

"तवापासनं प्रभूला म्हनतो, माझा हात जितं अपुरा पडंल तितनं फुडं तुझं. तुमी जा, बापापाशी बसा."

मी जाऊन बसलो. दुपारी तो पेटी घेऊन आला. फट तशीच होती. झाकण लावण्याआधी तो पुढे झाला आणि माझ्या वडिलांचं तोंड बराच वेळ बघत उभा राहिला.