जायफळाचा एक वेढा

धुळ्यात वाढलेलं असं एकही मूल नसेल, ज्याच्या जिभेवर माझ्या साडूंनी काही ना काही कडू ठेवलेलं नाही. मूल शिंकलं की अडुळसा, हसलं नाही की वावडिंग, आणि फार हसलं तर पोटात वायू धरलाय म्हणून ओवा. दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाले आणि धुळ्याच्या घराच्या गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांत त्यांनी जंगल उभं केलं. जिना चढताना तुळस अंगावर येते, दाराशी कोरफड ओरबाडते. गल्लीतली पोरं त्यांच्या स्कूटरचा आवाज ओळखतात. क्रिकेट ऐन रंगात असलं तरी मैदानात मागे फक्त स्टंप उरतात. एकदा एरंडोलच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना नवरीकडचं एक लेकरू खोकलं. हे काढ्याची बाटली घेऊन अंतरपाटाखालून वाकून पलीकडे! भटजी ‘सावधान’ म्हणाले ते नक्की कोणाला, यावर आमच्यात अजून वाद आहे. कोणी भीत भीत विचारलंच, “भाऊ, एवढ्याशा लेकराला चालेल ना?” तर ते अहिराणीवर यायचे, “काय हुई? झाडपालाच शे ना!” जणू धोतरा झाडाला लागतच नाही.

त्यांना मूलबाळ नाही. याबद्दल आम्ही कोणी बोलत नाही. मी तर मुळातच कमी बोलणारा; जे बोलायला हवं ते गिळून टाकायची माझी जुनी सवय.

मुलगी बाळंतपणाला जळगावला आमच्याकडे आली, नात दोन महिन्यांची झाली आणि साडू एसटीने हजर झाले. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली सहाण. शेजारच्या प्रवाशाने विचारलं, “पाटा का?” म्हणाले, “नाही, दवाखाना.” दुसऱ्या दिवसापासून बाळगुटी सुरू. हिरडा, वेखंड, मुरडशेंग आईच्या दुधात सहाणेवर उगाळायचं आणि मात्रा मोजायची ती वेढ्यांनी. एकदा गोल फिरवलं की एक वेढा. “जायफळाचा एकच हं!” त्यांनी बोट उंचावून सगळ्यांना बजावलं. रात्रंदिवस किंचाळणारी नात गाढ झोपली. घरात शांतता पसरली आणि आम्हाला तिची चटक लागली. दुपारी साडू आडवे झाल्यावर मी हळूच सहाण ओढली आणि जायफळाचा एक वेढा फिरवून नातीला चाटवला. एकाने काय होतंय, म्हटलं. निवांत झोप काढली.

चारेक दिवसांनी दुपारी नात दुधाला उठेना. गाल थोपटले, तळव्यांना गुदगुल्या केल्या. डोळे अर्धे उघडायची, पुन्हा मिटायची. रिक्षाने दवाखाना गाठला. डॉक्टरबाईंनी तपासता तपासता विचारलं, “घरगुती काही दिलंय?” बायको पंख्याकडे बघू लागली, मुलगी आईकडे. साडू ठणकावून म्हणाले, “काही नाही!” नातीची मान मुलीच्या हातावर कलंडली होती. ती पाहिली आणि माझ्या तोंडून निघालं, “जायफळ. गुटीतून. भाऊ सकाळी देतात, आणि दुपारी मीही एक वेढा दिला. रोज.”

“अहो, तुम्ही पण?” बायको किंचाळली. “मी स्वयंपाकाच्या वेळी देत होते!”

“आई!” मुलीला रडू फुटलं. “मी झोपायच्या आधी देत होते गं.”

“आणखी कोणी राहिलंय?” बाईंनी विचारलं. साडूंनी शाळेतल्यासारखा हात वर केला. “मध. बोटभर. कडू लागू नये म्हणून.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “वर्षाच्या आत मध अजिबात द्यायचा नाही. जायफळाने गुंगी येते, आणि वेढा काय, ज्याचा हात जड त्याचा मोठा. झाडपाला आहे म्हणूनच विचारतेय, आजोबा. ज्याने गुण येतो, ते जास्त झालं की बाधतंही. तुम्ही लपवलं असतं तर मी भलतंच शोधत बसले असते.”

नातीला तिथेच ठेवून घेतलं. संध्याकाळी तिने असं काही भोकाड पसरलं की बाहेरचे पेशंट आत डोकावले. इतकं गोड बेसूर मी कधी ऐकलं नव्हतं. आम्ही हसत होतो, रडत होतो. साडू भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “आवाज बाकी जोरदार शे!”

पुढे नातेवाइकांत बोभाटा झाला तो एकट्या साडूंचा. आमच्या तिघांच्या वेढ्यांची आठवण कोणालाच राहिली नाही, आणि आम्हीही करून दिली नाही. नातीसाठी मी बोललो. त्यांच्यासाठी नाही बोललो. आता गल्लीत कोणी गुटी मागायला आलं तर ते सांगतात, “पहिले डॉक्टरले इचार.” पोरं खुशाल क्रिकेट खेळतात.

मागच्या महिन्यात ते आले. या वेळी मी आधी बोललो. “भाऊ, त्यात आमचेही हात होते. मी सगळ्यांना सांगणार आहे.” त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. नात मांडीवर ठेवली तर दोन्ही हात कुठे ठेवावेत ते त्यांना समजेना. “पाव्हणा,” ते हळूच म्हणाले, “हिला आता मी काय देऊ?”

“काही नको, भाऊ. बसा नुसते.”

बसले. तिने त्यांचा चष्मा ओढून खाली टाकला. मी उचलायला गेलो, तर मानेनेच नको म्हणाले. ती हलेल म्हणून. आंधळ्यासारखे समोर बघत, हसत, जेवणाची पानं वाढेपर्यंत ते तसेच बसून राहिले.