नावेतला परका दगड

वैशाखाच्या अखेरीला एका सकाळी घाटाच्या पायऱ्या उतरताना मला राळेचा वास आला आणि मी जागच्या जागी थांबलो. तापल्या तेलात राळ विरघळू लागली की गोडसर, जड, घशाच्या मागे चिकटून बसणारा एक वास सुटतो. लहानपणापासून तो माझ्यात इतका मुरला आहे की झोपेतही मी तो ओळखीन. पण आमच्या काठावर राळ कढवणारा आता कुणी उरलेला नाही. उरलोच असेन तर मी, आणि माझी कढई घरात पालथी पडलेली. मग कोण कढवतंय, कशासाठी, आणि मला न विचारता? वाऱ्याच्या रोखाने वर गेलो, तर रस्त्याच्या कामाला डांबर तापत होतं. डांबरच ते. तरी मी पिंपात डोकावून बघितलं. माझ्या नाकाला कुणी फसवलं, तर ते मला कळलेलं बरं.

पुणतांब्याला गोदावरी जिथे जरा वळून मंदावते, तिथे दोन जुन्या करंजांच्या सावलीत आमच्या नावा बांधल्या जायच्या. त्या जागेला नाव नव्हतं. "खाली गेलेत" एवढं सांगितलं की वडील कुठे सापडतील ते येणाऱ्याला समजायचं. माघातलं कोवळं ऊन सागाच्या ताज्या फळ्यांवर उतरायचं आणि उन्हालाच लाकडाचा रंग चढायचा. बांधावरच्या ज्या वाकड्या बाभळी बाकीच्यांच्या लेखी नुसतं सरपण, त्या वडील हात फिरवून पारखून आणायचे, कारण नावेच्या बरगड्यांना जन्मजात वाकडं लाकूड लागतं. सरळ लाकूड बळजबरीने वाकवलं तर ते वर्षानुवर्षं राग धरून बसतं आणि एखाद्या भरल्या पुरात सूड घेतं. लाकूड तासणाऱ्या वाकसाचा ताल, भुशाची ऊब, फळ्यांच्या सांध्यांत सुताच्या वाती ठोकण्याचा बसका आवाज, आणि या सगळ्यावर देवळातल्या धुपासारखा रेंगाळणारा राळेचा गंध. आज तिथे पेरूची बाग आहे, बागेला तारेचं कुंपण, कुंपणावर कॅमेरा. येता-जाता तो माझ्याकडे बघतो, मीही त्याच्याकडे बघतो.

माझी शाळा तिसरीत सुटली. पण श्रावणात देवळात पोथी वाचायला गाव मलाच बसवतं, तेव्हा या लिहिण्यात एखादा जड शब्द आला तर तो दुसऱ्याकडून लिहून घेतलाय असं कुणी समजू नये.

तर नावेचं सांगत होतो. लाकडाची नाव उन्हाळ्यात कोरडी ठेवली की आटते, सांधे उघडतात, आणि पुढच्या पावसाळ्यात ती चाळणीसारखी गळते. म्हणून नदी पायी ओलांडता येऊ लागली की आम्ही नावेत काळे दगड भरून तिला डोहात बुडवून ठेवायचो. पाण्याखाली लाकूड भिजून फुगलेलं, मिटलेलं राहतं. मृग निघाला की दगड काढायचे, नाव वर घ्यायची. परगावचे पाहुणे हळहळायचे, की ह्यांच्या नावा बुडाल्या. आम्ही त्यांना तसंच समजू द्यायचो.

पूल झाला त्या वर्षी मी माझी नाव अशीच बुडवली आणि मृगाला काढली नाही. पूल किती टिकतो ते बघू, असं मनात होतं. पूल अजून आहे. मी अजून बघतो आहे.

नाव नेमकी कुठे आहे हे माझ्याखेरीज कुणालाही ठाऊक नाही असा माझा समज होता, आणि तिला दुसऱ्याचा हात लागू नये अशी घरात सक्त ताकीद. दर उन्हाळ्यात पाणी कमरेला आलं की मी एकटा आत शिरायचो आणि तळव्याने तिला चाचपायचो. आधी रेशमासारखा गाळ, मग दगडांच्या गार पाठी, मग त्यांच्या मधून नावेची कड, घट्ट, शाबूत. डोळ्यांनी तिला बघितल्याला एक जन्म लोटला असेल. पण डोळ्यांवर माझा भरवसा ऑपरेशनच्या आधीही नव्हता, नंतरही नाही.

या वर्षी पंचायतीने डोहातला गाळ काढायचं ठरवलं. गाळाखाली वाळू असते हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही, तेव्हा काढायचं काय आहे ते दिसेलच. मशीन येऊन उभंसुद्धा राहिलं. त्याचा दात नावेवर बसला तर तिच्या ढलप्या निघतील. माझा मुलगा दत्तू साखर कारखान्यात कामाला आहे, जेवताना तो म्हणाला, "नाना, आता तरी काढा ती. न्हाईतर नाद सोडा." त्याला बोलायला काय जातं. वर काढायची म्हणजे उजेडात बघायची. माझा तळवा इतकी वर्षं मला खरं सांगत आला, की मला रुचेल तेवढंच सांगत आला, हा संशय त्या रात्री पहिल्यांदा माझ्या मनात आला, आणि तो बाकी सगळ्या संशयांहून वाईट होता. तळाशी आहे तोवर नाव नाव आहे. वर आली आणि भुसभुशीत निघाली, तर आयुष्यभर मी कशाची राखण केली?

सकाळी पाण्यात उतरलो. पाणी संथ, वरून कोमट आणि खाली गार. काठावरून उसाच्या मळीचा आंबूस वास येत होता. पुढच्या बाजूचे दगड माझे, ओळखीचे. एरवी मी तिथूनच परत फिरायचो; या वेळी मागच्या बाजूलाही पाय सरकवला आणि अंगठा एका भोकात गेला. दगड गोल, कडेला आणखी एक लहान छिद्र. हा मी ठेवलेला नव्हता. पण अनोळखीही नव्हता. ते जात्याचं वरचं पाळं होतं, आणि कडेचं छिद्र खुंट्याचं. माझी बायको त्या खुंट्याला धरून जन्मभर दळत बसली. ती गेल्यावर जातं कोपऱ्यात पडून होतं, आणि मागे एकदा वरचं पाळं घरातून नाहीसं झालं. सुनेने, अलकाने, ते राहुरीला माहेरी धाडलं याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. तिच्या भावाच्या घरी वास्तुशांतीला गेलो तेव्हा पाय धुवायच्या निमित्ताने मी त्यांचं परस धुंडाळून आलो होतो. सापडलं नाही, तेव्हा म्हटलं, लपवलंय.

घरी आलो. अलका मेथी निवडत बसली होती. मी ओल्या धोतरानेच उंबऱ्यात उभा राहून म्हणालो, "डोहात कुणाचं तरी जातं सापडलं."

"कुनाचं तरी कशाला, आपलंच हाय."

"तिथं कसं गेलं?"

"पायानं चालत तर न्हाई गेलं, नाना." मेथीची काडी बाजूला टाकत ती म्हणाली, "तुमच्या डोळ्याला हिरवी पट्टी हुती बघा त्या पावसाळ्यात. वरून धरनाचं पानी सोडलं म्हनून गाडी वरडत फिरत हुती. मागल्या अंगाचे दगड बाया धुनं धुवायला उचलून न्यायच्या, म्या बघितलं हुतं. हलकी झालेली नाव, पान्यानं नेली आसती. हे कामावर गेलते. मग शेजारच्या शांताकाकूला घेतलं, घमेल्यात घालून नेलं. पानी छातीला लागलं. पायानंच चाचपून ठिवलं."

"नाव तिथं आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"तुमी रोज एकाच जागी हुबं ऱ्हाता. साऱ्या गावाला ठावं हाय."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तवाच पट्टी काढून पान्यात उतरला आसता, अन् दुसऱ्याच्या हातचा दगड म्हनून फेकून दिला आसता." तिने मेथीची दुसरी जुडी ओढली. "अन् राहुरीच्या वैनी आजून इचारत्यात, तुमचे नाना परसात काय हुडकत हुते."

संध्याकाळी सहज म्हणून शांताकाकूच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि बोलणं तिकडे वळवलं. तिने तेच सांगितलं. वर, त्या दिवसापासून आपली कंबर धरते, हेही. दोघींचं इतकं तंतोतंत जुळावं याचाही मला संशय आला. पण कंबर तिची खरोखरच वाकलेली होती.

रात्री मी नाव काढायला होकार दिला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दत्तू दोर आणि माणसं घेऊन येणार होता. मी मात्र दिवस उगवताच निघालो. दगड मी भरलेले, मीच काढणार. वाटेत मागे पावलं वाजली. अलकाने लुगड्याचा काचा मारला होता. मी वळलो नाही आणि परतही धाडलं नाही. करंजांची जागा मागे पडली, कॅमेऱ्याने आम्हा दोघांना बघून घेतलं.

उन्हं पाण्यावर तिरपी आली तोवर आम्ही एकेक दगड काढून काठाला लावत होतो. ती बुडी मारायची, मी घ्यायचो. कुठला दगड आधी हलवायचा हे तिला सांगावं लागत नव्हतं, आणि ते मला आवडत होतं की खुपत होतं ते नीट कळत नव्हतं. शेवटी जात्याचं पाळं उरलं. ते दोघांनी धरून काढलं. निथळताना त्याच्या टाकी लावलेल्या खाचांमधून गाळ ओघळला, आणि खाली माझ्या बायकोच्या हाताने गुळगुळीत झालेला दगड तसाच्या तसा होता.

मुरलेली नाव दगड काढताच वर येत नाही. गाळ तिला सावकाश सोडतो, कधी सोडतही नाही. मी पुढच्या टोकावर पाय ठेवून उभा राहिलो, अलका मागच्या बाजूला, दोन्ही हात पाण्याखाली. पाणी पुन्हा स्थिर झालं, एक खंड्या सूर मारून गेला. तळव्याखाली काहीतरी कललं. नाव असेल. प्रवाह असेल. म्हातारा पाय आपण होऊनही थरथरतो.

"हालली का?" मी विचारलं.

डोळे मिटून ती हातांनी ऐकत होती. मी नावेवरचा पाय काढून घेतला आणि ती काय म्हणते त्याची वाट बघत उभा राहिलो.