चार नंबरची होडी

लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांचा फोटो स्टुडिओ धंतोलीत होता, दवाखान्यांच्या गर्दीत. त्यामुळे गेलेल्या माणसाचा भिंतीवर लावायला फोटो हवा असलेली गिऱ्हाइकंच जास्त. एखाद्या लग्नाच्या ग्रुपमधून त्या माणसाचं डोकं उचलायचं, मोठं करायचं, आणि सासऱ्यांनी बारीक कुंचल्याने नाकडोळे उजळायचे. घर त्यावरच चालायचं.

मला हे काम नको होतं. मी कलावंत होते ना! एका इंग्रजी मासिकात मी पॅनिंग वाचलं. धावत्या वस्तूबरोबर कॅमेरा फिरवत न्यायचा, शटर मंद ठेवायचं, फिरता फिरता दाबायचं आणि दाबल्यावरही थांबायचं नाही. वस्तू स्वच्छ येते, मागच्या जगाच्या नुसत्या रेघा होतात. झालं! रोज दुपारी पायरीवर उभी राहून मी सायकलवाल्यांच्या मागे गरगर फिरू लागले. स्टुडिओतल्या, वरून डोकावायच्या कॅमेऱ्यात डावं-उजवं उलटं दिसे. सायकल इकडे, बाई तिकडे. एका दवाखान्यातला कंपाउंडर तर केस विंचरून पुन्हा पुन्हा त्याच रस्त्याने जाऊ लागला.

"सूनबाई, मान मोडन," सासरे म्हणायचे. "आपन लोकायले हलू नका म्हनतो, अन् तू सोताच फिरून राहिली."

त्या हिवाळ्यात अंबाझरी तलावावर कॉलेजच्या पोरांच्या वल्ह्यांच्या शर्यती होत्या. पदर कमरेला खोचून मी बांधावर उभी. चार नंबरची होडी पुढे निघाली तशी तिच्या टोकावर रंगवलेल्या आकड्यावर मी नजर खिळवली आणि कमरेतून वळत गेले. फोटो असा आला की त्या चारच्या आकड्याचा उडालेला रंगसुद्धा दिसावा. पाण्याचे नुसते धागे. मी तो मोठा करून दर्शनी काचेत लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्याने थांबावं म्हणून दारात ताटकळत राहिले.

सासऱ्यांनी चष्मा वर केला. "होडी झकास आहे. मानसं कुठी गेली?"

होडी सरळ जात होती, पण पोरं प्रत्येक वल्ह्याला पुढेमागे झुकत होती. त्यांची तोंडं ओल्या बोटाने पुसल्यासारखी आली होती.

"मामाजी, त्यालेच पॅनिंग म्हणतात," मी म्हणाले. शहाणी!

थंडी सरताना काटोलकडचं एक जोडपं स्टुडिओत आलं. त्यांचा होस्टेलात राहणारा मुलगा काविळीने गेला होता, आमच्याच मागच्या गल्लीतल्या दवाखान्यात. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. शर्यतीचा फोटो इथे आहे असं त्याच्या मित्रांनी सांगितलं होतं. चार नंबरची होडी, पुढून दुसरा.

बाप काचेजवळ गेला, बोट टेकवलं आणि तसाच उभा राहिला. बोटाखाली एक पांढुरकी रेघ होती.

सासऱ्यांनी त्यांना आत बसवलं, ती रेघ मोठी करून घेतली आणि तिच्यावर कुंचला चालवला. बापाकडे पाहून नाक काढलं, आईकडे पाहून डोळे, आणि गळ्याशी शर्टाची कॉलर. चेहरा नीटस होता, जरा गंभीर. भिंतीवरचे असतात तसा.

आईने पाहिला आणि परत सरकवला. "हा माहा नोहे. हे कोनाचं पोरगं आहे?"

सासऱ्यांनी पुन्हा काढला. जिवणी बदलली, भुवया जाड केल्या.

"नोहे, बावाजी."

मग ती माझ्याकडे वळली. "तुनं काढला नं वं हा फोटो? तुनं त त्याले पाह्यलं. कसा दिसत होता?"

मी फक्त आकडा पाहिला होता. होडी माझ्या समोरून गेली तेवढा वेळ तिचा मुलगा माझ्या कॅमेऱ्यात होता, आणि मला त्याचा कानसुद्धा आठवत नव्हता. ती वाट पाहत होती.

"हसत होता," मी म्हणाले.

सासऱ्यांचा कुंचला थांबला.

"हासत?" तिने पदर तोंडाशी नेला. "दवाखान्यात त एकडावही हासला नाही. बावाजी, मंग हासता काढा."

सासऱ्यांनी माझ्याकडे न पाहता तेच तोंड पुन्हा रंगवायला घेतलं. ओठ जरा फाकवले, गालावर एक सावली दिली. होता तोच चेहरा, त्यांच्याच डोक्यातला. तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि किती तरी वेळ पाहिला.

"हाच," ती म्हणाली. "पाहा जी, हाच आहे."

फोटो छातीशी धरून ती पायऱ्या उतरली. बाप पायताण घालायला माझ्याजवळ थांबला. त्याचा आवाज अगदी हळू होता.

"बाई, मी बी पोहनारा मानूस आहो. दम लागल्यावर कोनी हासते काय?"

मी काचेतल्या होडीकडे पाहू लागले.

"राहू द्या," तो म्हणाला. "आता मले बी घरी तोच पाहा लागन."