चौदा किलोची सीट

कुनिहिको कुबोचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा, तोही स्वतःच्या मर्जीने नव्हे. बायको तोशिए कालवं फोडायच्या शेडवर कामाला होती. साडेचारला सुरी हातात घेऊन उभं राहावं लागे. उठल्यावर ती भांड्यांचा असा आवाज करी की शेजारच्यांनाही जाग यावी. कुनिहिकोची पाळी आठला. मधल्या वेळात माणसाने काय करावं? कुणी देवापुढे हात जोडतात, कुणी पुन्हा झोपतात. कुनिहिको त्रेसष्ट पायऱ्या उतरून गॅरेजमध्ये जायचा आणि गाडीचं वजन कमी करायचा.

कुरे या बंदराच्या गावातली घरं डोंगराला चिकटवल्यासारखी. गाडी खाली, माणूस वर.

गोदीत तो छत्तीस वर्षं वेल्डर होता. जहाजाच्या पोटात आडवा पडून, डोक्यावर झाळ घालत, ठिणग्या कॉलरमध्ये घेत त्याने जहाजांवर किती टन लोखंड चढवलं ते कुणी मोजलं नाही. गाडीचं मात्र ग्रॅमवर चाले. दोन सीटची, लाल, उघड्या टपाची गाडी. त्याने ती बावीस वर्षांपूर्वी जुनी घेतली. कारखान्यातून निघाली तेव्हा वजन नऊशे चाळीस किलो. कुनिहिकोच्या मते त्यातलं निम्मं आळशी लोकांसाठी होतं.

त्याने रेडिओ काढला. एसी काढला, हीटर काढला. गालिचे गेले, जादा चाक गेलं. मग बारीक काम. गरजेपेक्षा लांब असलेला प्रत्येक बोल्ट कापला. एक लोखंडी पट्टी कानशीने घासायला सहा पहाटा लागल्या आणि त्यातून चाळीस ग्रॅम निघाले. वजन तोशिएच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर व्हायचं आणि आकडा खडूने भिंतीवर चढायचा. काट्याला ग्रीसचा वास लागला म्हणून तोशिएने काटा बदलला. कुनिहिको नवाही घेऊन गेला.

आणि दोन वर्षांपूर्वी त्याने बायकोची सीट काढली. चौदा किलो. एका झटक्यात एवढं वजन त्याने आयुष्यात काढलं नव्हतं. आठवडाभर तो शीळ घालत होता.

तोशिए भांडली नाही. म्हणाली, "टाकू नका. वर आणा."

त्याने ती पाठीवरून वर आणली. तिच्या सांगण्यावरून लाकडी चौकटीवर बसवली. त्या दिवसापासून सीट टीव्हीसमोर. सात तास उभ्याने कालवं फोडून तोशिए दुपारी घरी यायची, पाय धुवायची आणि सीटवर बसायची. घरात पाठीला टेकू देणारी ती एकच जागा होती. कुनिहिको जमिनीवर.

हे सगळं असंच चाललं असतं. पण दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी येते. कागदावर दोन माणसांची गाडी असेल तर सीटही दोन लागतात, आणि वजनात पन्नास किलोहून जास्त फरक चालत नाही. त्यामुळे गाडीवेडा माणूस मूळचा एकही भाग फेकत नाही. तपासणीच्या आठवड्यात सगळं परत बसवायचं, शिक्का घ्यायचा, की पुन्हा काढायचं. त्या आठवड्यात गावातल्या सगळ्या वाह्यात गाड्या सासरी आलेल्या सुनांसारख्या वागतात. कुबोंच्या कपाटात गाद्यांच्या जागी हीटर, गालिचे, जादा चाक. गाद्या खोलीत.

यंदा तपासणीची मुदत चौदा नोव्हेंबरला संपत होती आणि सोळाला, रविवारी, मंडळाचं वजन होतं. मंडळ म्हणजे अशाच गाडीवाले अकरा जण. वर्षातून एकदा ते समुद्राकाठच्या मैदानात जमत, चार चाकांखाली चार काटे ठेवत आणि सगळ्यात हलक्या गाडीला सगळ्यात जड मुळा बक्षीस देत. इतामी न्हाव्याने तो मुळा सलग चार वर्षं नेला होता. त्याची गाडी आठशे पंचाहत्तर. कुनिहिकोच्या भिंतीवर खडूने आठशे एकाहत्तर लिहिलेलं होतं. मार्चमध्ये तो निवृत्त होणार होता, आणि मुळा घेऊन त्रेसष्ट पायऱ्या चढल्याशिवाय त्याला निवृत्त व्हायचं नव्हतं.

बारा तारखेला तो जेवताना म्हणाला, "सीट लागेल. दोन दिवस."

तोशिए टीव्ही बघत होती. "नाही."

"तपासणी आहे."

"माझी नाही."

"दोन दिवसांचा प्रश्न आहे."

"अहो, गेल्या वेळी वजनकाटा दोन दिवसांसाठी नेला होता तुम्ही. मी अजून तांदूळ मुठीने मोजते."

कुनिहिको लोणच्याचा तुकडा चावत राहिला.

"न्या," ती शेवटी म्हणाली. "पण एकदा बसवली की काढायची नाही. सीट जिथं, तिथं मी. गाडीत तर गाडीत."

"बरं, बरं," तो भाताच्या वाटीकडे बघून म्हणाला. वाटीला दिलेलं वचन बायकोला लागू होत नाही, असा त्याचा समज असावा.

त्याने सीट खाली नेली, कपाट रिकामं केलं, सगळं बसवलं. चौदा तारखेला तपासनीसाने हातोडीने खालून ठोकून बघितलं, सीटवर हात दाबून बघितला, शिक्का मारला. शनिवारी तोशिए शेडवर असताना कुनिहिकोने पुन्हा सगळं उतरवलं. हीटर, गालिचे, चाक, प्रत्येक खेप पाठीवरून त्रेसष्ट पायऱ्या. सीटचे चार बोल्ट तेवढे राहिले. गुडघे थकले असं त्याने स्वतःला सांगितलं. रविवारी पहाटे दहा मिनिटांचं काम.

रविवारी शेड बंद. पावणेचारला भांडी वाजली नाहीत. कुनिहिकोला तो चांगला शकुन वाटला. पाना घेऊन तो हळूच खाली उतरला, दार उघडलं.

तोशिए सीटवर बसली होती. अंगात शेडवरचा जाड कोट, डोक्याला रुमाल, मांडीवर भाताच्या गोळ्यांचा डबा, पायांमध्ये थर्मास.

"बोल्ट काढायचे होते ना," ती म्हणाली. "काढा. मी बसलेय."

कुनिहिकोने पान्याकडे बघितलं. बोल्ट तिच्या पायांखाली होते. छत्तीस वर्षांत त्याने जहाजाच्या असल्या कोपऱ्यात झाळ घातली होती जिथं उंदीरही वळला नसता. इथं त्याला वाट सापडेना.

"पट्टा लाव," तो म्हणाला.

मैदानात इतामी न्हावी आधीच आला होता. तो स्वतः इतका वाळला होता की काटे गाडी तोलतायत की त्याला, असा संशय यावा. आदल्या दिवशी त्याने गाडीचं दार आतून पोखरून आणखी दोन किलो काढले होते. आठशे त्र्याहत्तर.

कुनिहिकोने गाडी काट्यांवर चढवली आणि उतरला.

"वहिनी," इतामी अदबीने वाकून म्हणाला, "जरा खाली उतरता का? रिकाम्या गाडीचं वजन असतं."

"इतामी-सान, सीट रिकामी असते का कधी तुमच्या दुकानातली?"

"नाही. पण तिचं वजन कुणी करत नाही."

"मग हिचंही नका करू. मी आहे तशी करा."

मंडळाचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. नियमात बायको बसलेली असू नये असं कुठंही लिहिलेलं नव्हतं, कारण कुणाच्या गाडीत बायकोला जागाच उरली नव्हती.

"उतर ना," कुनिहिको दबक्या आवाजात म्हणाला. "उतरलीस तरी आठशे पंच्याऐंशी होईल. हरलोच आहे. निदान नीट हरू दे."

"वचन कुणाला दिलं होतं?"

त्याने मान खाली घातली आणि काट्यांचा आकडा दाखवणाऱ्या डबीकडे बोट दाखवलं. इतामीने बटण दाबलं. आकडा हलला, थांबला.

नऊशे त्रेचाळीस.

कुणीतरी खोकल्याचं निमित्त करून पाठ फिरवली. कुनिहिको आकड्याकडे बघत राहिला. बावीस वर्षं. हजारो पहाटा. कानशी झिजल्या, बोटं फुटली, दोन काटे गेले. गाडी कारखान्यातून निघाली त्यापेक्षा तीन किलोंनी जड होती.

"त्यात डबा आणि थर्मासही आहे," तोशिए म्हणाली.

इतामीला मुळा मिळाला. तोशिएने तो मागून घेतला, अंगठ्याने दाबला, कानाशी धरून ठोकला. "आतून पोकळ आहे," म्हणाली आणि परत दिला. "तुमच्या दारासारखा." इतामीलाही हसू आवरलं नाही.

परतताना समुद्राचा वारा सरळ अंगावर येत होता. तोशिएने पूल येईपर्यंत सहन केलं.

"पाय गारठलेत. हीटर कुठाय?"

"कपाटात."

"वजन किती त्याचं?"

"सव्वासहा किलो," त्याने विचार न करता सांगितलं.

"बसवा."

सोमवारी पहाटे हीटर त्रेसष्ट पायऱ्या खाली उतरला. नळ्या जोडायला पाच पहाटा लागल्या. भिंतीवर आकडा लिहायला कुनिहिकोने खडू उचलला आणि पुन्हा खिशात टाकला.

डिसेंबरात नोकरीतला शेवटचा बोनस हाती आला. त्याच्यावर तीन वर्षांपासून टायटॅनियमच्या सायलेन्सरचं नाव होतं. पावणेपाच किलो वाचणार होते. त्या पैशांची आरामखुर्ची आली, उंच पाठीची, पाय ठेवायला फळी असलेली. दुकानाचे लोक खोकं पायऱ्यांच्या तळाशी ठेवून, वर एकदा बघून, निघून गेले. खोक्यावर चौतीस किलो छापलेलं होतं. कुनिहिकोने दोर बांधला, पाठीवर घेतलं, तीन ठिकाणी थांबला.

तोशिए टेकून बसली. पाय फळीवर टाकले. मग वाकून तिने खुर्चीखाली हात घालून बघितलं.

"बोल्ट सहा आहेत," म्हणाली. "मोजून ठेवलेत."