खांदे सोड पोरी

"खांदे सोड पोरी. काय दिसून राह्यलं, ते मोठ्यानं सांग."

यवतमाळच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकलेल्या आम्हा सगळ्यांना आमच्या प्रशिक्षक मॅडमचं हे वाक्य पाठ होतं. आपण खालच्या कपाशीच्या पऱ्हाट्या पाहत निवांत उडत असायचो आणि इंजिन बंद पडल्याचा सराव म्हणून मॅडम गुपचूप थ्रॉटल मागे ओढायच्या. इंजिनाचा आवाज एकदम बसायचा. हातपाय लाकडासारखे व्हायचे. तुम्ही कितीही हुशार असा, त्या क्षणी शिकवलेलं काही आठवत नाही. मॅडम मात्र कधी ओरडल्या नाहीत.

"दचकणं काही गुन्हा नाही," त्या म्हणायच्या. "दचकून भलतंच करणं वाईट."

त्या मूळच्या घाटंजीच्या. डब्यात ज्वारीची भाकर आणि ठेचा. आधी आम्हाला वाढायच्या. संध्याकाळी त्यांचे यजमान, शाळामास्तर, स्कूटर घेऊन फाटकाशी उभे असायचे.

एकदा इंजिन खरंच बंद पडलं. मला वाटलं, मॅडमचीच करामत. पाहते तर त्यांचे हात मांडीवर.

"हे मी नाही केलं," त्या म्हणाल्या. "आता विमान मी घेते. तू सांगत राह्य."

मी सांगत राहिले. समोर पट्टी. डावीकडे विजेच्या तारा. आम्ही सुखरूप उतरलो. पाणी पिताना त्यांच्या दातांवर बाटली वाजत होती.

"मीबी दचकली होती ना," त्या हसून म्हणाल्या.

काही महिन्यांनी, वर्ग चालू असताना त्यांना फोन आला. मास्तर शाळेत फळ्यासमोरच कोसळले होते. जागीच गेले. मॅडमनी फोन टेबलावर ठेवला आणि पेन हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. कोणी हाक मारली, तरी हलेनात. मी जवळ गेले. दुसरं काही सुचेना, म्हणून हळूच म्हटलं, "मॅडम, खांदे सोडा. काय दिसतं, सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काहीच नाही दिसून राह्यलं मले."

त्यानंतर त्या विमानात बसल्या नाहीत.

परवा मारेगावला घरी जाताना वाट वाकडी करून घाटंजीला मॅडमच्या घरी गेले. मॅडमनी चहा केला. कोण कुठे उडतं, सगळ्यांची चौकशी केली. तेवढ्यात आत फोन वाजला. त्या इतक्या दचकल्या की चहा बशीत सांडला. फोन वाजून वाजून थांबला. त्या उठल्या नाहीत. आतल्या खोलीच्या दाराकडे पाहत बसून राहिल्या.

मग बशी पुसत म्हणाल्या, "घे ना तू. थंडा होऊन राह्यला."