थोरलीच्या हाताचा गुण

“मग मरू देऊ का त्यांना? तसं सांगा वहिनी, म्हणजे आत्ताच कचऱ्यात टाकतो,” धाकट्या दिराने तिसऱ्यांदा विचारलं. सकाळपासून थोरली सून एकच म्हणत होती, की हे पिल्लं भरवायचं काम आता पुरे. पण तिचं लक्ष ओट्यावरच्या खोक्याकडे होतं. आत पोपटाची एकवीस पिल्लं, डोळेही न उघडलेली, एकमेकांच्या अंगावर कोंबलेली. चार केव्हाच गार पडली होती.

दिराचं पक्ष्यांचं दुकान खाली, बिऱ्हाड वर. घर दुकानावर चालतं आणि दुकान आमच्या थोरलीच्या हातावर, असं सासूबाई आल्यागेल्याला सांगत. त्यात खोटं काही नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा खोक्यातली निम्मीशिम्मी पिल्लं दोन दिवसांत मरायची. तिने एका चमच्याच्या कडा पकडीने आत वळवल्या, कोमट पीठ कालवून थेंब मनगटावर टाकून बघायची सवय लावून घेतली आणि दर तीन तासांनी भरवत बसली. गळ्याखालची पिशवी टम्म झाली की थांबायचं, हेही तिचं तिनेच शोधलं. चमच्यावर वाढलेली पिल्लं माणसाळलेली निघत. गिऱ्हाईक तीच आधी उचली. पोटच्या पोरींसाठी एवढी जागली नाहीस, असं नवरा चिडवायचा. पोरी त्यावर हसत नसत.

विकलेलं पिल्लू पुढे कुठे जातं, हे तिने कधी विचारलं नाही. गेल्या महिन्यात एक परत आलं. आता चार वर्षांचा पोपट, छातीची पिसं स्वतःच उपटून काढलेली, खाली नुसती लाल कातडी. दिवसभर किंचाळतो म्हणून मालकाने आणून टाकला होता. थोरलीने चमचा पुढे केला, तर एवढा थोराड पक्षी पिल्लासारखा मान हलवत आ वासून उभा राहिला. तिने तो स्वयंपाकघरात ठेवून घेतला. काम मात्र चालूच राहिलं.

आज सकाळी खोकं आणणारा माणूस पाणी प्यायला वर आला. पिल्लं इतकी कोवळी का आणलीस, असं तिने त्याला हटकलं. तो बिचारा कौतुकानेच बोलला.

“पूर्वी पिसं फुटल्यावरच आम्ही ढोलीत हात घालायचो, ताई. कोवळी तशीच सोडायचो, त्यांना जगवणार कोण? आता तुम्ही आहात म्हटल्यावर अख्खी ढोली रिकामी करतो.”

तेव्हापासून घरात हे चाललं होतं. दीर समजावून झाला, ओरडून झाला. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. जाऊ भाजी चिरता चिरता म्हणाली, “एवढा कळवळा होता तर अकरा वर्षं काय झोपला होतात?”

हे मात्र थोरलीला लागलं. “झोपलेच होते,” ती म्हणाली.

तिने पीठ कालवलं, मनगटावर थेंब टाकला, सतरा जणांना एकेक करून भरवलं. मग चमचा धुऊन पुसला आणि वळली.

“ही सतरा पिल्लं पंख भरून उडेपर्यंत माझ्याकडे राहतील, आणि परत आलेला तो जन्मभर. यातलं एकही दुकानात जाणार नाही. यापुढचं खोकं मी उघडणार नाही, भावोजी. आणणाऱ्यालाही सकाळीच सांगून टाकलंय, की इथे आता भरवणारं कोणी नाही.”