दमकाकांची सात नावं

दमकाका माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी त्याच्या पट्ट्याकडे. चरोद्याहून लोकलने येऊन मी भिलाईच्या फायर स्टेशनात पहिल्या दिवशी रुजू झालो, तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही. पट्टा कितव्या भोकात लावलाय ते पाहिलं आणि म्हणाले, "तिसरं. ध्यानात ठेव. मी तं ठेवतोच." ते आमच्या पाळीचे लीडिंग फायरमन, मूळचे गोंदियाकडचे. पाळीत त्यांना धरून आम्ही आठ जण. बाकी सातांचा दम राखणं ही आपली खरी नोकरी आहे, असं ते मानत. म्हणून साहू, राव, नेताम, सगळेच त्यांना दमकाका म्हणायचे.

माझी पहिली फजिती लग्नानंतर झाली. सासुरवाडी पद्मनाभपुरात, म्हणजे अगदी जवळ, आणि जावयाला वाढताना सासूबाईंचा हात भलताच सढळ. महिन्याभरात पट्टा शेवटच्या भोकातही लागेना. मी घरी खिळा तापवून नवीन भोक पाडलं आणि काही झालंच नाही अशा ऐटीत ड्युटीवर आलो. काकांनी पट्टा हातात घेतला, भोकाचा वास घेतला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "हे काम खिळ्याचं हाय का सासूचं?"

मग पाठीवर बीए सेट, म्हणजे हवेची टाकी, चढवून मला ड्रिल टॉवरच्या अरुंद खिडकीतून बाहेर निघायला लावलं. मी अडकलो. नेतामने पाय धरून मागे ओढलं. "आज नेताम हाय," काका म्हणाले, "आगीच्या दिवशी पाय ओढाले कोण येईन?" त्यानंतर दोन महिने त्यांनी मला समोशाला हात लावू दिला नाही. स्वतःच्या डब्यातले उकडलेले चणे माझ्या हातावर ठेवायचे आणि मी ते संपवेपर्यंत समोर उभे राहायचे. मला भयंकर राग यायचा. हा माणूस माझ्यावर माया करतोय, हे कळायला मला फार उशीर लागला.

पट्टा तरी बरा, खरी कसोटी टॉवरची. गुंडाळलेला होज, म्हणजे पाण्याचा जाड पाइप, खांद्यावर घेऊन सगळे जिने चढायचे आणि वर पोचल्याबरोबर, भिंतीला न टेकता, पाळीतल्या बाकी सातही जणांची पूर्ण नावं एका श्वासात म्हणायची. क्रम नोकरीला लागल्याचा. म्हणून काका म्हणत तेव्हा पुनाराम साहू पहिला आणि दिलीप मेश्राम, म्हणजे मी, सगळ्यात शेवटी. डॉक्टरांची वार्षिक तपासणी वेगळी, हा आमच्या पाळीचा घरचा नेम. माझं अक्षर बरं म्हणून पास-नापासाची वही माझ्याकडे होती. ज्याचा श्वास मध्ये तुटला, त्याने पुन्हा जमेपर्यंत गाडीवर चढायचं नाही.

"डॉक्टर पास करते ना काका, मग हे नावं कावून?" मी एकदा वैतागून विचारलं.

ते होज गुंडाळत होते. हात न थांबवता त्यांनी सांगितलं. तरुणपणी एका गोदामाच्या आगीतून ते बाहेर आले, पण जोडीदार आतच राहिला. साहेब ओरडून विचारत होते, आत कोण आहे? "अन् मले बोलताच येईना. नुसता धापा टाकून राहिलो. नाव तोंडात होतं, पण हवा नव्हती." जोडीदाराला काढलं, पण उशिरा. तो पुढे कधी धड जिना चढू शकला नाही. त्या दिवसानंतर मी नावांबद्दल कुरकुर केली नाही.

काकांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं, तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्यातली सकाळ होती. मी वही घेऊन टॉवरवर उभा. काका नेहमीसारखे वर आले आणि सुरू झाले: साहू, राव, यादव, नेताम, बिसेन, वर्मा. सहा नावं खणखणीत आली. मग नुसता श्वास ऐकू आला.

"झालं काका, लिहिलं," मी घाईने म्हणालो. लिहिलंही होतं, पास.

"दाखव." त्यांनी वही घेतली. दम खात बराच वेळ उभे राहिले. "तुहं नाव मी घेतलं का?"

"घेतलं ना. मी आयकलं."

"खोटं बोलून राहिला." ते रागावले नव्हते, तेच मला जड गेलं. "दिलीप, उद्या तू आत राहिला, अन् मी बाहेर असाच उभा राहिलो तं?"

त्यांनी 'पास' खोडलं आणि आपल्या तिरप्या अक्षरात 'नापास' लिहिलं. पुढचे पंधरा दिवस रोज चढून पाहिलं. सातव्या नावापर्यंत श्वास पुरला नाही. मग स्वतःच साहेबांकडे जाऊन त्यांनी फोन घेण्याची, वॉच रूमची ड्युटी मागून घेतली.

ते वर्ष मला आवडलं नाही. घंटा झाली की आम्ही गाडीत आणि काका दारात. निघताना आम्हाला मोजायचे, परतलो की पुन्हा मोजायचे. "तुम्ही गाडीवर नाही तं मले करमत नाही," असं मी एकदा बोलून गेलो. ते म्हणाले, "पट्टा दाखव."

निवृत्तीनंतर ते भिलाईतच, हुडको वसाहतीत मुलीकडे राहिले. गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला, "बाबा तुमची आठवण काढून राहिले." मी दुपारी गेलो. काका उशांना टेकून बसले होते, नाकाला ऑक्सिजनची नळी. मला बघताच त्यांनी बोटाने खूण केली. मी शर्ट वर करून पट्टा दाखवला. तिसरं भोक. त्यांनी समाधानाने मान हलवली. ती आमची शेवटची भेट ठरणार होती.

मग ते उशांपासून थोडे सुटे होऊन ताठ बसले. टॉवरवर भिंत सोडून उभे राहायचे, तसेच. काय चाललंय ते मला कळलं. "बाबा, नका ना बोलू," मुलगी म्हणाली, पण ते कसले ऐकतात!

इतक्या वर्षांत तो क्रम कधी बदलला नव्हता. त्या दुपारी काकांनी सुरुवातच केली "दिलीप मेश्राम" अशी. मग साहू, मग राव. यादवपाशी श्वास संपला.

उरलेली तीन नावं मी म्हटली. मध्ये श्वास तुटू दिला नाही.